डेटा सेंटरच्या पोटात – भाग ६ : ‘थांब’ म्हणायची किंमत

मागच्या भागात फायबर चॅनलचा हिशोबीपणा पाहिला. समोरच्या बफरमध्ये जागा असल्याचं क्रेडिट हाती आल्याशिवाय तिथे एकही फ्रेम सुटत नाही. इथरनेटचा खाक्या वेगळा. बफर भरला की स्विच पुढचं पॅकेट सरळ टाकून देतो आणि ते पुन्हा पाठवण्याचं झेंगट टीसीपीच्या गळ्यात पडतं.

वेबपान उघडताना हे खपून जातं, नेटवर्कपलीकडच्या डिस्कच्या बाबतीत नाही. टाइमआउटची वेळ आलीच, तर लिनक्सचं टीसीपी सहसा किमान २०० मिलिसेकंद थांबतं. फ्लॅश डिस्कचं एक वाचन साधारण १०० मायक्रोसेकंदांत उरकतं. म्हणजे तेवढ्या वेळात एकामागोमाग दोन हजार वाचनं झाली असती!

टीसीपीला आणि प्रोसेसरला बगल देऊन नेटवर्क कार्डानेच परस्पर डेटा पोचवायचा, ही आरडीएमएची युक्ती. पण कार्डाला गळतीची सवय नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. दोन सर्व्हर, मध्ये एक स्विच, आणि दर २५६ पॅकेटांमागे एक मुद्दाम गाळायचं. संदेश ४ मेगाबाइटचे. तार पूर्ण वेगाने वाहत होती, तरी पलीकडे एकही संदेश पुरा पोचेना! कारण एक पॅकेट हरवलं की कार्ड अख्खा संदेश पहिल्यापासून पाठवायचं. हरवलं तिथूनच पुढे पाठवायला शिकवल्यावर गाडी रुळावर आली.

मुळात गळतीच होऊ नये, म्हणून त्याआधीच, २०११मध्ये, इथरनेटच्या मानकात पीएफसी आलं होतं. यात वाहतुकीचे आठ प्राधान्यवर्ग असतात. बफर भरत आला की स्विच मागच्याला फक्त त्या वर्गापुरतं ‘थांब’ म्हणतो. मात्र निरोप पोचेपर्यंत वाटेत असलेला डेटा येतच राहतो आणि त्याच्यासाठी जागा राखून ठेवावी लागते. १०० मीटर फायबर आणि १०० गिगाबिटचा वेग असेल, तर जाण्यायेण्याचा एक मायक्रोसेकंद, म्हणजे साडेबारा किलोबाइट. हे फारसं जड नाही. पण अंतर १०० किलोमीटर झालं की तोच आकडा साडेबारा मेगाबाइटवर जातो, तोही एका पोर्टच्या एका वर्गासाठी.

खरी डोकेदुखी पुढेच. थांबलेला स्विच स्वतः तुंबतो आणि आपल्या मागच्याला थांबवतो. बिघडलेलं एखादंच कार्ड सतत ‘थांब, थांब’ करत राहिलं, तर ज्यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही असे सर्व्हरही अडकतात. म्हणून कार्डात आणि स्विचमध्ये पहारेकरी बसवावे लागले. कार्डाची घेण्याची बाजू ठरावीक वेळ ठप्प दिसली, की पहारेकरी त्याचं ‘थांब’ म्हणणंच बंद करतो.

शहाणपणाचा उपाय म्हणजे ‘थांब’ म्हणायची वेळच येऊ न देणं. डीसीक्यूसीएन या पद्धतीत रांग वाढू लागताच स्विच पॅकेटांवर खूण करतो आणि पाठवणारं कार्ड वेग कमी करतं. पीएफसी राहतं, पण शेवटचा आडोसा म्हणून. २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं, की अझूरमधली सुमारे ७० टक्के वाहतूक आरडीएमएवरून चालते.

अ‍ॅमेझॉनने मात्र गळती गृहीत धरली. एसआरडी ही त्यांची पद्धत पॅकेटं अनेक वाटांवर विखरून देते आणि हरवलेलं झटपट पुन्हा पाठवते. तिच्याविषयी पुढच्या आठवड्यात.