प्रतिपालक म्हणजे दत्तक पालक नव्हेत

पालकहो, ‘प्रतिपालक’ म्हटले की आपण चटकन दत्तक समजतो. दत्तक मूल कायमचे घरचे होते. प्रतिपालकांकडे मात्र बालकल्याण समिती मूल ठराविक काळासाठी सोपवते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तशी सोय आहे. मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळे असेल, तर दोन वर्षांनी त्याच कुटुंबाला दत्तकाचा अर्ज करता येतो. २०२४ पूर्वी पाच वर्षे थांबावे लागे.

जेवणखाण, कपडे, शाळा, औषधपाणी हे ओघाने आलेच. आमच्या मते अवघड भाग पुढेच आहे. उशीखाली पोळी लपवणारे मूल हावरट नसते, त्याला उद्याची खात्री नसते. रागावू नये, पोळीचा डबा त्याच्या हाताला लागेल असा ठेवावा. समितीने परवानगी दिली असल्यास जन्मदात्या आईची भेट घडवावी. भेटीनंतर मूल दोन दिवस चिडचिडले, तरी तिच्याविषयी वावगे बोलू नये. मुलाची पूर्वकथा शेजारीपाजारी सांगायची नाही, आम्हा शिक्षकांनाही गरजेपुरतीच. तेवढी मात्र जरूर सांगावी, म्हणजे ‘माझी आई’ या निबंधाच्या दिवशी आम्ही त्याला दुसरा विषय देऊ.