झळा वाचाव्या कशा?

एप्रिलच्या दुपारी डांबरी रस्त्यावर लांबवर पाणी हलताना दिसतं आणि जवळ जावं तर रस्ता कोरडा ठणठणीत असतो. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होते, वरची त्या मानाने दाट राहते आणि त्या थरांतून येताना प्रकाश वाकतो. या मृगजळाला आपण फसवं म्हणतो. लांब पल्ल्याचे नेमबाज मात्र याच झळांकडे दुर्बिणीतून टक लावून बसतात, कारण वारा बदलल्याची खबर सगळ्यात आधी त्याच देतात.

इंग्लंडच्या सरे परगण्यातलं बिझली हे या खेळाचं जुनं माहेरघर. १८६० साली विम्बल्डनला सुरू झालेली राष्ट्रीय स्पर्धा १८९० साली इथे आली. इथल्या स्टिकलडाउन रेंजवर नेमबाज पालथे झोपून, रायफलवर दुर्बीण न लावता, १००० यार्डांवरच्या म्हणजे ९१४ मीटरवरच्या लक्ष्यावर नेम धरतात.

एवढं अंतर कापायला गोळीला साधारण दीड सेकंद लागतो. हवेचा रोध नसता, तर एकाच सेकंदात काम झालं असतं. वरचा अर्धा सेकंद हीच सगळी मेख आहे. आडवा वारा असला की गोळीचं नाक येणाऱ्या हवेकडे किंचित वळतं आणि रोध तिला मागे खेचता खेचता बाजूलाही खेचतो. हवेमुळे जेवढा उशीर होतो, त्याला वाऱ्याच्या वेगाने गुणलं की गोळी किती सरकेल ते कळतं. ताशी दहा मैलांचा वारा म्हणजे सेकंदाला साडेचार मीटर. अर्ध्या सेकंदाचा उशीर धरला, तर गोळी सव्वादोन मीटरच्या आसपास सरकते. म्हणजे ताशी एका मैलाला साधारण २२ सेंटिमीटर. लक्ष्यावरचं मधलं वर्तुळ, म्हणजे बुल, सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असतं. वारा ओळखण्यात दीड मैलाची चूक झाली, की अगदी मधोमध धरलेला नेमही बुलच्या बाहेर जातो.

आधी वाऱ्याची दिशा पाहायची. आपण घड्याळाच्या मध्यभागी आहोत आणि लक्ष्य बारावर आहे असं समजा. तीन किंवा नऊवरून येणारा वारा पूर्ण मोजायचा, एक, पाच, सात आणि अकरावरचा निम्मा, तर बारा आणि सहावरचा शून्य. यातला शून्याचा वाराच खरा दगा देतो. तो माशाच्या शेपटीसारखा अकरा ते एकच्या मध्ये हलत राहिला, तर ताशी दहा मैलांचा वारा घडीत डावीकडून पाच मैलांचा होतो, घडीत उजवीकडून पाचाचा.

आता झळांकडे वळू. स्टँडवरच्या दुर्बिणीने आधी लक्ष्य स्वच्छ दिसेल असा फोकस करा. मग फोकसची चकती हळूच फिरवून नजर अलीकडे, निम्म्या अंतराच्या आसपास आणा. लक्ष्य पुसट होईल आणि त्याच्यासमोरून वाहणारी हवा दिसू लागेल, ओढ्याच्या तळाशी वाळूवर पाण्याच्या रेघा दिसतात तशी. लाटा तिरक्या वर चढत सावकाश सरकत असतील, तर वारा ताशी एक ते तीन मैल. त्या पंचेचाळीस अंशांपर्यंत कलल्या, की चार ते सात. आडव्या होऊन धावू लागल्या, की आठ ते बारा. त्यापुढे सगळं सपाट दिसतं आणि फरक कळेनासा होतो. तेव्हा रेंजवर फडकणाऱ्या निशाणांवरच भिस्त ठेवावी लागते. ढगाळ दिवसाचंही तसंच.

कधी कधी लाटा कुठेच न जाता भांड्यातल्या उकळत्या पाण्यासारख्या सरळ वर उसळतात. याचे अर्थ दोन : एक तर आडवा वारा नाही, किंवा तो दिशा बदलायच्या बेतात आहे. नवशिक्याला वाटतं, वारा पडला, आता मारावं. जाणता नेमबाज ट्रिगरवरचं बोट काढतो आणि लाटा कोणत्या अंगाला वळतात याची वाट पाहतो.

निशाणं आणि झळा दोन्ही पाहायच्या, पण त्यांचा स्वभाव वेगळा. निशाणाचं कापड जड असतं. वारा पडल्यावरही ते उतरायला वेळ घेतं, पावसात भिजलं तर आणखीच आळसावतं. झळ लगेच बदलते. मात्र ती नजरेच्या रेषेतली हवा दाखवते, आणि गोळी मधल्या टप्प्यात त्या रेषेच्या दोन-तीन मीटर वरून जाते, जिथे वारा बहुधा जास्तच असतो. शिवाय आपल्या जवळच्या वाऱ्याने सुरुवातीला दिलेला तिरका धक्का शेवटपर्यंत वाढत जातो. म्हणून रायफलीजवळचं गवतही पाहायचं.

बिझलीत दोघं-तिघं एकाच लक्ष्यावर आळीपाळीने मारतात. सोबत्याची पाळी असताना त्याचे गुण लिहायचे आणि वारा पाहत राहायचं. सुरुवातीला दहा मिनिटं नुसतं पाहून वाऱ्याचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त जोर ठरवून घ्यायचा. समजा, त्यासाठी साइट, म्हणजे रायफलवरचं नेम धरायचं साधन, डावीकडे चार ते सात मिनिटं फिरवावी लागेल असं दिसलं. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, १००० यार्डांवर सुमारे साडेसव्वीस सेंटिमीटर. मग सगळा विचार या चार ते सातच्या आतच करायचा. पाल्मा या १८७६ पासूनच्या सांघिक स्पर्धेत तर वारा वाचायला प्रशिक्षकच मागे बसतो. तो आकडा सांगतो, नेमबाज फक्त गोळी सोडतो.

आपल्याकडच्या वाचकाला हे परकं वाटायला नको. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनचं जगज्जेतेपद मिळवलं आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य. त्या प्रकारात दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं. उघड्या रेंजवर १० आणि ३० मीटरवर लहान निशाणं लावतात, कारण पॉइंट टू टू बोअरची हलकी गोळी तेवढ्या पल्ल्यातही वाऱ्याने सरकते.

शिकताना एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. गोळी सुटली, की ती कुठे लागली हे पाहण्याआधी पुन्हा झळांकडे पाहा. तेवढ्यात वारा बदलला का? सोडताना काय दिसलं, साइटला किती दिलं, नेम कुठे होता, हे वहीत लिहा आणि मगच लक्ष्याकडे वळा. निकाल आधी पाहिला, तर डोळा मागाहून तसाच वारा ‘आठवतो’ आणि आपली चूक वाऱ्याच्या नावावर जाते. पुढची दुरुस्तीही मग चुकीचीच होते. खरं लिहिलेल्या अशा शे-दोनशे नोंदी जमल्या, की लाटेचा कल आणि साइटचा आकडा यांची गाठ मनात आपोआप बसते.