सुझनवरून पेटलेलं भांडण

नार्निया या जादुई देशाच्या गोष्टींवर पहिली नाराजी उमटली ती लेखकाच्या मित्रमंडळातच. सी. एस. लुईस यांनी ऑक्सफर्डमधल्या आपल्या जवळच्या मित्राला, जे. आर. आर. टोल्किन यांना, सुरुवातीची प्रकरणं ऐकवली. टोल्किनना ती मुळीच रुचली नाहीत. रोमन पुराणातला बोकडाच्या पायांचा फॉन, उत्तरेकडचे बुटके, बोलणारे बीव्हर आणि वर ख्रिसमसचा म्हातारा! आधी भाषा घडवून मग तिच्यासाठी जग उभारणाऱ्या माणसाला ही भेळ पचणं अवघडच होतं.

१९५० ते १९५६ या काळात सात पुस्तकं आली आणि मुलांनी ती डोक्यावर घेतली. मला तर टोल्किनना खटकलेली सरमिसळच या मालिकेची ताकद वाटते. बर्फाळ रानात हातात छत्री आणि काखेत पुडकी घेऊन लगबगीने निघालेला फॉन हे चित्र लुईस यांच्या मनात वयाच्या सोळाव्या वर्षापासून होतं. कपाटातून तिथे पोचलेल्या लुसीला तो भेटतो, घरी चहाला बोलावतो. तिच्या भावाला, एडमंडला, तिथली चेटकीण टर्किश डिलाइट या मिठाईच्या डब्यावर फितवते. पहिलं पुस्तक निघालं तेव्हा ब्रिटनमध्ये मिठाई अजून रेशनवर होती. ते रेशन १९५३ मध्ये उठलं. हवी तेवढी मिठाई, हीच त्या पोरांना केवढी जादू वाटली असेल!

आस्लान हा सिंह दुसऱ्याच्या अपराधापायी मरण पत्करतो आणि पुन्हा उठतो. ही ख्रिस्ताची कथा आहे हे अनेकांना मोठेपणी उमगतं आणि काहींना फसवल्यासारखं वाटतं. अमेरिकी समीक्षक लॉरा मिलर यांनी या लहानपणच्या प्रेमावर आणि नंतरच्या भ्रमनिरासावर २००८ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. लुईस यांचं म्हणणं असं, की आधी चित्रं आली, धर्म मागून आपसूक शिरला. आपल्याकडच्या वाचकाला या मुद्द्यावरून एवढं रागवायचं कारण चटकन कळत नाही. देव प्राण्याच्या रूपात येतो, यात आपल्याला नवल ते काय?

खरी ठिणगी पडली १९९८ मध्ये, लुईस यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी. लेखक फिलिप पुलमन यांनी ‘गार्डियन’मध्ये मालिकेवर कडाडून हल्ला चढवला. (त्यांच्या स्वतःच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’ची नायिकाही सुरुवातीलाच कपाटात लपते, ही गंमत वेगळी.) त्यांचा रोख मुख्यतः लुसी आणि एडमंडची बहीण सुझन हिच्या वाट्याला आलेल्या शेवटावर होता. शेवटच्या पुस्तकात रेल्वे अपघातात तिची भावंडं आणि आईवडील दगावतात आणि आस्लानच्या देशात पोचतात. सुझन त्यांच्यात नसते. तिला आता नायलॉनचे मोजे, लिपस्टिक आणि मेजवान्यांची आमंत्रणं यांपलीकडे काही सुचत नाही, असं तिच्याबद्दल बोललं जातं. मुलगी वयात आली म्हणून तिला स्वर्गाचं दार बंद, असा पुलमन यांचा आरोप.

नार्नियाप्रेमी म्हणतात, दोष लिपस्टिकचा नाही. तिने नार्नियालाच लहानपणचा खेळ ठरवलं, हा आहे. शिवाय ती जिवंत आहे. ती आपल्या वाटेने कधीतरी तिथे पोचेलही, असं लुईस यांनी १९५७ मध्ये एका बालवाचकाला कळवलं होतं. मजकूर नीट वाचला तर हे म्हणणं पटतं. पण सगळं घर एका दिवसात गमावलेल्या मुलीसाठी पुस्तकात कुणीच हळहळत नाही, त्याचं काय? नील गेमन यांनी २००४ मधल्या आपल्या कथेत नेमकं हेच धरलं. त्यातल्या वृद्ध प्राध्यापिकेला तरुणपणी भावंडांचे मृतदेह ओळखायला जावं लागलेलं असतं.

कॅलोरमेनच्या बाबतीत मात्र लुईस यांची वकिली करणं मला जमत नाही. नार्नियाच्या दक्षिणेचे हे शत्रू सावळे, पागोटंवाले, वाकड्या तलवारींचे. त्यांचा देव टाश नरबळी घेतो. त्याला पक्ष्याचं डोकं आणि चार हात. घरात गणपती बसवणारा वाचक या वर्णनापाशी अडखळणारच. एमेथ हा कॅलोरमेनी भला निघतो, आस्लान त्याला जवळ करतो, हे खरं. पण त्याने आयुष्यभर केलेली टाशची सेवा आस्लान आपल्या खात्यावर जमा करून घेतो. ही उदारता जरा वरून आलेली वाटते.

एवढं असूनही पुस्तक मुलांच्या हाती द्यावं का? जरूर द्यावं, आणि त्यांनी टाशबद्दल विचारलं तर सरळ बोलावं. फक्त पहिलं कुठलं द्यायचं, यावरही चाहत्यांत दोन तट आहेत. ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ लिहिलं गेलं मागाहून, पण त्यात नार्नियाच्या जन्माची हकिकत आहे. आधी ते वाचावं, असं एका अमेरिकी मुलाचं मत होतं आणि लुईस यांनी पत्रातून त्याला दुजोरा दिला. १९९४ मध्ये हार्परकॉलिन्सने तोच क्रम छापला आणि तो रूढ झाला. पण सगळ्यात आधी छापलेल्या कपाटाच्या गोष्टीत आस्लानचं नाव प्रथम निघतं तेव्हा निवेदक गृहीत धरतो, की वाचकाला तो कोण हे ठाऊक नाही. त्यामुळे संच विकत आणलात तर पाठीवरचा १ हा आकडा बाजूला ठेवा आणि २ पासून, म्हणजे कपाटाच्या गोष्टीपासून, सुरुवात करा.