हलत्या जमिनीवरची शांती

आजचा विषय शांती. तो आपण डहाणू-तलासरीच्या जमिनीवर उभं राहूनच समजून घेऊ, कारण ही जमीन हलते हे आपल्याला कोणी सांगायला नको. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ च्या दुपारी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून घराबाहेर पळताना पडून एका लहानग्या मुलीचा जीव गेला. मग तंबू आले, थंडीत माणसं उघड्यावर झोपू लागली.

किल्लारीला १९९३ मध्ये एका पहाटे सगळं उद्ध्वस्त झालं. इथलं दुःख त्याच्या मापाचं नाही, पण त्याची जात वेगळी आहे. इथे एक धक्का संपला की कान दुसऱ्याची चाहूल घेतात. आपलं मर्त्यपण असंच असतं ना? एक ताप येऊन जातो, शेजारचं कोणीतरी जातं, डॉक्टर एक तपासणी लिहून देतात. प्रत्येक वेळी थोडंसं हादरायचं आणि पुन्हा भाताच्या कामाला लागायचं.

अशा वेळी पहिला प्रश्न येतो : कोणाचं पाप? लूकच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात येशूपुढे हाच प्रश्न आहे. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा जण दगावले होते. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते का? येशू स्पष्ट ‘नाही’ म्हणतो. पश्चात्तापाची हाक तो देतो, पण ती ऐकणाऱ्या सगळ्यांना. मेलेल्यांवर ठपका ठेवत नाही. तेव्हा भूकंप म्हणजे देवाची शिक्षा असं कोणी सांगत आलं, मग तो धर्मगुरू का असेना, तर हा अध्याय त्याच्यापुढे उघडून ठेवावा. जमीन का हलते ते भूकंपमापक यंत्रांना विचारावं, आणि घर नीट बांधावं. कारवीच्या कुडाची हलकी भिंत आणि कच्च्या विटांची जड भिंत यांतला फरक इथल्या म्हाताऱ्या माणसांना चांगला कळतो. विश्वास ठेवला म्हणून कच्ची भिंत पक्की होत नाही.

मग विश्वास करतो काय?

एलिया संदेष्ट्याकडे बघा. होरेब पर्वतावर भूकंप झाला आणि देव त्या भूकंपात नव्हता, हा भाग आपल्याला पाठ असतो. त्याच्या आधीचा भाग आपण भरभर वाचतो. थकलेला एलिया झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. दूत येतो, भाकर आणि पाणी देतो, त्याला पुन्हा झोपू देतो. शांतीची सुरुवात भाकरीपासून आणि झोपेपासून होते! तंबूत ज्यांनी कोणाला चहा नेऊन दिला, त्यांनी हेच काम केलं, मग ते कुठल्या का धर्माचे असोत.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. आई-वडील दुष्काळात गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर मरण त्यांच्या घराची वाट विसरलं का? मुळीच नाही. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई स्वतः थकलेल्या, ऐकू येणंही कमी झालेलं. तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी तडीस नेलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. हिला आम्ही शांती म्हणतो. दुःख होतंच, पण त्याने हातातलं काम हिसकावून घेतलं नाही.

हिब्रूतला ‘शालोम’ हा शब्द नुसत्या निवांतपणाचा नाही; त्यात पूर्णपणा आहे, तुटलेलं सांधणं आहे. म्हणूनच लाजरसाच्या कबरेपाशी येशू आधी रडतो. उठवणार आहे, तरी रडतो. शोक करणाऱ्या घरी जाऊन ‘रडू नका, विश्वास ठेवा’ म्हणण्याची घाई आपल्याला असते. ती त्याला नव्हती.

२०१९ मध्ये राखेचा बुधवार ६ मार्चला आला. ‘तू माती आहेस’ ही आठवण त्या वर्षी पायांखालची मातीच करून देत होती. तरीही कपाळावर राख लावतात ती क्रुसाच्या आकारात. मरणाची खूण आणि आशेची खूण एकाच बोटाने, एकाच वेळी काढली जाते. चाळीस दिवसांच्या उपवासकाळाची ती सुरुवात असते, आणि त्या वाटेच्या टोकाला रिकामी कबर आहे. त्या कबरेविषयी आपण पुढच्या व्याख्यानात बोलू.