तीन ओळी आणि एक सही

आमच्या घरी सही ही फार महाग वस्तू. अण्णा चौतीस वर्षे दस्तनोंदणीच्या कचेरीत होते. माझ्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा ते चष्मा पुसून, सगळे गुण वाचून, मगच सही करीत. “वाचल्यावाचून सही केली, की दुसऱ्याचे खोटे आपल्या नावावर जमा होते,” असे म्हणत. या वाक्याचा अर्थ मला चाळिशी उलटल्यावर, संगणकापुढे बसून कळायचा होता!

वाचकहो, तुमच्या खिशात अँड्रॉइडचा फोन असेल, तर लिनक्सही तुमच्या खिशात आहे. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनुस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने तो लिहायला घेतला. त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, कोणीही वाचावा आणि चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी, अशी मुभा आहे. सौभाग्यवतींना हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे सार्वजनिक विहीरच की! अहो, मग त्यात कोणी घाण टाकली तर?”

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर दुरुस्ती पाठविण्याच्या रीतीत आहे.

माझी दुरुस्ती अवघी तीन ओळींची. ऑफिसातले लिनक्सवर चालणारे एक यंत्र दर चार-पाच दिवसांनी हटकून अडे. आठवडाभर शोधल्यावर चोर सापडला. यंत्राला जोडलेल्या एका उपकरणाचा ड्रायव्हर सुरू होताना मेमरी मागून घेई. पण उपकरण चालू झाले नाही, तर ती परत न करताच निघून जाई. शेजारणीची रोज एक वाटी न्यायची आणि परत करायची नाही. तिच्या मांडणीवर वाट्या उरायच्या कशा? वाटी परत करणाऱ्या तीन ओळी मी घातल्या आणि यंत्र सुरळीत झाले.

अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात. आपल्या भाषेत ठिगळ. काढलेल्या ओळीपुढे वजाचे चिन्ह, घातलेल्या ओळीपुढे अधिकाचे. एका पॅचमध्ये एकच बदल करायचा. मी उत्साहाच्या भरात शेजारची दोन चुकीची स्पेलिंगेही सुधारली होती. ती मुकाट्याने बाजूला काढली. ठिगळ उद्या उलटे पडले, तर तेवढेच उसवता आले पाहिजे ना! वर पाऊणशे अक्षरांच्या आत विषय लिहायचा. खाली चूक काय, तिचा त्रास काय आणि आपण काय केले, ते सांगायचे. चूक पूर्वीच्या ज्या बदलातून आली, त्याचा क्रमांकही द्यायचा. मग कर्नलबरोबरच मिळणारा एक प्रोग्राम शाळातपासनिसासारखा सारे तपासतो. ओळीच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही त्याला खपत नाही. दुसरा प्रोग्राम पॅच कोणाकडे धाडायचा ते सांगतो. आणि धाडायचा तो साध्या ई-मेलच्या मजकुरातच, म्हणजे तपासणाऱ्याला ओळीखाली ओळ लिहून शंका विचारता येतात.

हे सगळे जमले, आणि अडलो शेवटच्या ओळीपाशी. तिथे नावानिशी सही करायची. २००३ साली एस.सी.ओ. नावाच्या कंपनीने आपला कोड लिनक्समध्ये घातल्याचा आरोप करून आय.बी.एम.वर दावा लावला. त्यानंतर २००४ पासून ही सहीची पद्धत आली. तिचा अर्थ थोडक्यात असा, की हे काम माझे आहे आणि खुल्या परवान्याखाली ते देण्याचा मला हक्क आहे.

मी तो अर्थ सहज अण्णांना वाचून दाखविला.

“या ओळी लिहिल्यास कुठे?” त्यांनी विचारले.

“ऑफिसात.”

“ऑफिसच्या वेळात?”

“हो, पण अण्णा, तीनच तर ओळी आहेत!”

“सातबारावर एकच नाव चुकते, बाबा. हक्क कोणाचा ते आधी विचारून ये.”

मी नेमणुकीचे पत्र काढून पाहिले. नोकरीत लिहिलेले सारे कंपनीचे, असे त्यात स्वच्छ छापले होते! दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. तो या टेबलावरून त्या टेबलावर सात आठवडे फिरला. तेवढ्यात दुसऱ्याच कोणी ही चूक दुरुस्त केली तर, या विचाराने माझा जीव खालीवर होई. सौभाग्यवती म्हणाल्या, “करीना का! यंत्र चालल्याशी कारण.” खरे सांगतो, ते मला मुळीच पटले नाही.

शेवटी लेखी परवानगी आली. त्याच रात्री मी सही करून पॅच पाठविला. नवव्या दिवशी तपासणाऱ्याचे उत्तर आले: याच ड्रायव्हरमध्ये आणखी एका वाटेने मेमरी अशीच गळते, तीही याच बदलात धरा. पाहतो तो खरेच! मी माझीच वाट तपासून समाधान मानले होते. तीन ओळींच्या पाच झाल्या. दुसरी आवृत्ती म्हणून, पहिलीत काय बदलले त्याची नोंद जोडून, ती पाठविली. चार दिवसांनी स्वीकारल्याचे कळले.

मी तो पॅच छापून अण्णांपुढे ठेवला. चष्मा पुसून त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, अधिक-वजाची चिन्हेसुद्धा. माझ्या सहीखाली आणखी एक सही होती.

“हा दुसरा कोण?”

“ज्याने तपासून पुढे दिले, तो. पुढे देणाऱ्यालाही सही करावी लागते.”

“वाचून केली ना?”

“दोनदा वाचून, अण्णा.”

“मग दस्त पक्का,” ते म्हणाले आणि कागद त्यांनी माझ्या हातात दिला.