व्हिडिओ गेमची जातकुळी – लेखांक ४ : गाडा कोणाशी पळतो?

बेल्हे, नारायणगाव, मंचर या टापूतल्या यात्रांमध्ये बैलगाडा शर्यत म्हणजे घाट आणि घड्याळ. एका वेळी एकच गाडा सुटतो, पुढे घोडी धावते आणि बारी किती सेकंदांत झाली यावर घाटाचा राजा ठरतो. सातारा-सांगलीकडच्या मैदानांत मात्र अनेक बैलजोड्या शेजारशेजारून एकदमच सुटतात. गटातून सेमीफायनल आणि तिथून फायनल गाठावी लागते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली तेव्हा आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याची कायदादुरुस्ती वैध ठरवली तेव्हाही या दोन्ही शर्यती एकाच नावाखाली आल्या. न्यायालयापुढचा प्रश्न बैलांच्या हालांचा होता, त्यामुळे ते रास्तच झाले. पण खेळ म्हणून पाहिले तर आपल्या घाटातला गाडा नोंदलेल्या सेकंदांशी पळतो, तिकडची जोडी शेजारच्या जोडीशी. १९९२ च्या ‘सुपर मारिओ कार्ट’मध्ये हाच भेद आहे. ‘टाइम ट्रायल’मध्ये रस्त्यावर दुसरे कोणी नसते, सारे लक्ष वळण कसे कापायचे यावर, शर्यतीत मागच्याला चुकवणे आणि पुढच्यावर कवच फेकणे हेही काम होऊन बसते. गाडी तीच आणि रस्ताही तोच असला तरी खेळणाऱ्याने घ्यायचे निर्णय वेगळे होतात.

म्हणूनच गेमचा प्रकार ठरवताना पडद्यावर काय दिसते यापेक्षा खेळणाऱ्याला काय करावे लागते, हे आधी विचारायला हवे, असे माझे म्हणणे आहे. ‘क्रिकेटचा गेम’ या शब्दांतून जवळजवळ काहीच कळत नाही. ‘क्रिकेट ०७’मध्ये चेंडू टप्पा घेताच अचूक क्षणी बटण दाबावे लागते, तर फँटसी क्रिकेटमध्ये सामना सुरू होण्यापूर्वी अकरा नावे निवडली की हाताचे काम संपते. पुराणकथांचेही तसेच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) आणि हैदराबादच्या ओगर हेड स्टुडिओचा ‘असुरा’ (२०१७) हे दोन्ही भारतीय दैवतकथांवर उभे आहेत, दोन्हींत लढाई आहे. दुकानदार त्यांना एकाच फळीवर ठेवील. पण ‘राजी’त हरलात तर थोडे मागे जाऊन तोच प्रसंग पुन्हा खेळता येतो, त्यामुळे खेळणारा तो प्रसंग पाठ करतो. ‘असुरा’त मरण आले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात आणि वाटाही बदललेल्या, पाठांतराचा उपयोग नाही, मिळेल त्यावर निभवावे लागते. ही रीत १९८० च्या ‘रोग’ची, आणि त्याच्या पडद्यावर चित्रे नव्हतीच, नुसती अक्षरे होती.

यावर वजनदार आक्षेप भयपटाच्या धाटणीच्या गेमचा आहे: भीती ही भावना, मग तिच्यावरून पडलेला प्रकार खोटा का? खोटा नाही, पण ती भीती येते कुठून ते पाहा. १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये गोळ्या मोजक्या असतात आणि खेळ जपून ठेवायलाही शाईची रिबन खर्चावी लागते. प्रेत उठून अंगावर येते तेव्हा गोळी झाडायची की पळायचे, हा हिशेब छातीत धडकी भरवतो. तीच प्रेते आणि तोच अंधार ठेवून हातात अमर्याद गोळ्या दिल्या तर उरेल तो नेमबाजीचा गेम. दुसरा आक्षेप मिश्र गेमचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे: ‘राजी’त लढाई आहे, भिंतींवरून धावणे आहे, कोडीही आहेत. तेव्हा एका गेमला दोन-तीन नावे लावावीत. फक्त ज्यावाचून खेळ पुढे सरकतच नाही ते नाव पहिले असावे.

पैशाचा प्रश्न मात्र या मापात बसत नाही. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइन गेमचे ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि मनी गेम असे तीन भाग केले. फासा, सोंगट्या, नियम सारे तेच असलेला लुडो पैसे लावताच वेगळ्या भागात जातो. पैसा लागल्यावर सोंगटी हलवण्याचा निर्णयही बदलतो का, हे पुढच्या लेखांकात पाहू.