जुना कम्प्युटर मॉनिटर फेकू नका, त्यावर टीव्ही चालतो. पण घेण्याआधी पाठीमागची पिन बघा

विष्णुपुरी (ता. नांदेड) : मागच्या पावसाळ्यात एका कडकडाटात आमचा टीव्ही गेला. मेकॅनिकनं उघडून बघितला आणि म्हणाला, "पॅनल गेलंय भाऊ. याच्यावर पैसे घालू नका." नवीन बत्तीस इंची घ्यायचा म्हणलं तर दहा हजाराच्या आसपास जातंय, आणि सोयाबीन तवा रानातच उभं होतं. माय रोज संध्याकाळी रिकाम्या फळीकडं बघून विचारायची, "कधी आणायलास रे?" शेवटी बाराशे रुपयांत एक जुना कम्प्युटरचा मॉनिटर आणला. त्यावर आज आमच्या घरी टीव्ही चालू आहे. गावातले बरेच जण विचारायलेत, कसं केलं म्हणून, म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझ्या चुका पण सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

विष्णुपुरीत हा माल मिळायचं कारण सगळ्यांना माहीत आहे. इंजिनीअरिंग कॉलेज इथं, विद्यापीठ इथं, सरकारी मेडिकल कॉलेज पण इथंच. पोरं रूम करून राहतात आणि शिक्षण संपलं की सामान आवरतात. गादी, टेबल, कूलर आणि मॉनिटर. गावाकडं नेण्यापेक्षा विकून टाकलेलं बरं, असा हिशेब असतो. मी पण असाच एका पोराकडून घेतला, साडेअठरा इंची. नांदेडात जुन्या कम्प्युटरच्या दुकानातही मिळतात, पण तिथं थोडे जास्त मागतात.

आता मुख्य गोष्ट. मॉनिटर म्हणजे टीव्ही नव्हे. टीव्हीच्या डब्यात पडदा असतो, स्पीकर असतो आणि चॅनल पकडणारा भाग असतो. मॉनिटरमध्ये बहुतेक वेळा नुसता पडदा असतो. स्प्रिंकलरचं नोझल आणलं म्हणून पाणी येत नाही, मोटार आणि पाइप वेगळे लागतात, तसंच हे. चॅनल आणायचं काम सेट टॉप बॉक्स करतो. आवाजाची सोय वेगळी करावी लागते. घरी आधीच कुठल्याही कंपनीचा बॉक्स चालू असेल तर तोच मॉनिटरला जोडता येतो, नवीन घ्यायची गरज नाही.

आम्ही मात्र महिन्याचा रिचार्ज बंद करून डीडी फ्री डिश घेतलं. ही प्रसार भारतीची सेवा आहे, २००४ साली डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झालेली. हिला महिन्याचं भाडं नाही. कुणी फ्री डिशच्या नावानं दर महिन्याला पैसे मागत असेल तर तो तुम्हाला फसवतोय, सरळ हाकलून द्या. बॉक्स घेताना त्यावर एमपीईजी-४ लिहिलंय का बघा, कारण जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर सगळे चॅनल दिसत नाहीत. सह्याद्री दिसतं, डीडी किसान दिसतं, लेकरांसाठी पीएम ई-विद्याचे इयत्तेप्रमाणे चॅनल आहेत. खासगी चॅनल लिलावातून येतात-जातात, त्यामुळं आज दिसणारी मालिका पुढच्या वर्षी दिसलंच असं नाही. मायला हे आधीच सांगून ठेवलं.

छत्री जुनीच होती, फक्त दिशा बदलून घेतली. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्या नांदेडातून बघितलं तर तो आग्नेय दिशेला, आभाळात बराच वर, साधारण ६० अंशांवर येतो. त्यामुळं त्या बाजूला लिंबाचं झाड किंवा शेजाऱ्याची माडी आडवी नको. आमच्याकडं लिंबाची एक फांदी तोडावी लागली.

पाठीमागची पिन

मॉनिटर घेताना लोक समोरून बघतात. तुम्ही उलटा करून बघा. मागं निळ्या रंगाचं, पंधरा छिद्रांचं, दोन्ही बाजूला स्क्रू असलेलं सॉकेट असेल तर ते व्हीजीए. मोबाईलच्या चार्जिंग पिनसारखं पण मोठं, चपटं सॉकेट असेल तर ते एचडीएमआय. एचडीएमआय असलेला मॉनिटर मिळाला तर दोन-तीनशे जास्त गेले तरी घ्या. एकच वायर बॉक्समधून मॉनिटरला लावली की झालं, चित्र आणि आवाज दोन्ही त्यातूनच येतात. मॉनिटरला स्पीकर नसले तरी बहुतेक वेळा हेडफोनचं छिद्र असतं, तिथं स्पीकर लावायचा.

माझ्या मॉनिटरला फक्त व्हीजीए होतं. मग मध्ये कन्व्हर्टर लागतो. पहिली चूक इथंच झाली. दुकानदारानं दिला तो मी घेऊन आलो, दोन्ही टोकं बरोबर बसली, पण चित्र काही येईना. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून डबीवर वाचलं तेव्हा कळलं, तो व्हीजीएकडून एचडीएमआयकडं नेणारा होता. आपल्याला उलटा पाहिजे. बॉक्सकडून निघतं एचडीएमआय आणि जायचं आहे व्हीजीएकडं. वाल्व उलटा बसवल्यावर पाणी जाईल का? दुकानात मागताना "एचडीएमआय टू व्हीजीए, आवाजाच्या पिनसहित" असं पूर्ण वाक्य म्हणा. ही आवाजाची पिन महत्त्वाची, कारण व्हीजीएच्या वायरमधून आवाज जातच नाही. कन्व्हर्टरच्या बाजूला हेडफोनसारखं छिद्र असतं, तिथून कम्प्युटरचे छोटे स्पीकर जोडायचे. कन्व्हर्टरला वेगळी यूएसबी पॉवर असेल तर अजून चांगलं, नाहीतर काही बॉक्सवर चित्र थरथरतं.

बॉक्सला एचडीएमआय नसून फक्त पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना असतील तर एव्ही टू व्हीजीए कन्व्हर्टर येतो. चित्र पुसट दिसतं, पण दिसतं.

दुसरी अडचण आली ती बरोबर कन्व्हर्टर आणल्यावर. पडदा काळा आणि मधोमध इंग्रजीत "आउट ऑफ रेंज". मला वाटलं मॉनिटर गेला. तसं नसतं. आपल्या देशात टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० च्या हिशेबानं चालतं आणि कम्प्युटरचे बरेच मॉनिटर ६० चं चित्र मागतात. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओ ७२० पी, ६० हर्ट्झ करायचं. पण पडदा काळा असताना सेटिंग दिसणार कसं? बॉक्स शेजाऱ्याच्या टीव्हीला नेऊन लावला, तिथं सेटिंग बदललं आणि घरी आणला. लगेच चित्र आलं. शेजारचे मामा म्हणाले, "येवढ्यासाठी चार दिवस बसून होतास का?" काही बॉक्सच्या रिमोटवर यासाठी वेगळं बटण असतं, ते आधी दाबून बघा. चौकोनी जुना मॉनिटर असेल तर माणसं जरा लांबट दिसतात, बॉक्सच्या सेटिंगमध्ये ४:३ केलं की पुष्कळ फरक पडतो.

फळीवर नको, खाली ठेवा

आपल्याकडं टीव्ही उंच फळीवर आणि माणसं खाली सतरंजीवर. मॉनिटरला हे चालत नाही. तो टेबलावर, डोळ्यासमोर ठेवून बघायला बनवलेला असतो. खालून बघितलं की स्वस्तातल्या पडद्यावर चित्र काळपट पडतं, माणसांचे चेहरे उलट्या रंगाचे दिसतात. आम्ही तो जुन्या लोखंडी पेटीवर ठेवला आणि काम भागलं. चार-पाच फुटांवर बसून चार जणांनी बघायचं हे साधन आहे. सामना लागला आणि सगळी गल्ली ओट्यावर जमली तर शेवटच्या माणसाला धावफलक वाचता येणार नाही.

लाइटीचं म्हणाल तर मागच्या स्टिकरवर वॅट लिहिलेले असतात. माझा वीस वॅटचा आहे. रोज पाच तास चालला तर महिन्याला तीन युनिट, अधिक बॉक्सचं थोडं. इन्व्हर्टरवर आरामात चालतो. पण जुना पेटीसारखा, काचेच्या नळीचा मॉनिटर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. तो सत्तर-ऐंशी वॅट खातो, म्हणजे तेवढ्याच वापराला अकरा-बारा युनिट. आणि वायर काढल्यावरही त्याच्या आत धोकादायक करंट साठून राहतो, त्यामुळं घरी उघडून बघायचा तर विचारच नको.

बरेच जण विचारतात, मोबाईलच वायरनं मॉनिटरला जोडता येतो का? आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त मोबाईलच्या चार्जिंग पिनमधून चित्र बाहेर निघतच नाही. त्यामुळं टाइप-सी टू एचडीएमआयची वायर घ्यायच्या आधी तुमचं मॉडेल चालतं का ते दुकानातच लावून बघा. टीव्हीला लावायची इंटरनेटची स्टिक मॉनिटरवर चालते, पण व्हीजीए असेल तर काही ॲप कॉपी रोखण्याच्या कुलपामुळं काळा पडदा दाखवतात. तिथं एचडीएमआयवालाच मॉनिटर लागतो.

माझा हिशेब सांगतो. मॉनिटर १२००, बॉक्स १०००, कन्व्हर्टर ३५०, स्पीकर ३००, छत्री फिरवायचे २००. एकूण ३०५० रुपये. चुकीच्या कन्व्हर्टरचे गेले ते वेगळे. छत्री नसेल तर तिचा खर्च वाढेल. नुसत्या मॉनिटरलाच कुणी अडीच-तीन हजार मागत असेल तर सोडून द्या, मग थोडे साठवून नवीन लहान टीव्ही घेतलेला परवडतो. घेताना तो चालू करून पंधरा मिनिटं राहू द्या. उभी रेघ, कोपऱ्यात काळा डाग किंवा गरम झाल्यावर विझणं, हे पाच मिनिटांत कळत नाही.

मॉनिटरला रिमोट नसतो. आवाज बॉक्सच्या रिमोटनं कमी-जास्त होतो, पण पडदा हातानं बंद करावा लागतो. आणि आधीचा टीव्ही ज्यानं गेला ते विसरायचं नाही. मृगाच्या तोंडाला वीज कडाडायला लागली की नुसतं बटण बंद करून भागत नाही. बोर्डातली पिन आणि छत्रीकडून येणारी केबल, दोन्ही काढायच्या. आमची माय आता आग्नेयेला ढग दिसले की आधी पिना काढते आणि मग वाळवण उचलायला जाते.